शट डाउन चालतं, रिस्टार्ट चालत नाही

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, २० ऑगस्ट २०२४ ला, दुकानात नवा लेझर प्रिंटर आला. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला प्रिंटर ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, टाकला, शेवटी नेहमीची सूचना आली की रिस्टार्ट करा. केलं. स्क्रीनवर 'रिस्टार्टिंग' आणि ते ठिपक्यांचं गोल चक्र. दोन मिनिटं झाली, चार झाली, चक्र आपलं फिरतंय. समोर गणपती मंडळाची दोन पोरं पावतीपुस्तकाचं प्रूफ न्यायला बसलेली. एक जण म्हणाला, "काका, हँग झालाय." मला ते दिसत होतंच. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं, पंख्याचा आवाज थांबला, परत चालू केला. सुरू झाला. प्रिंटरही व्यवस्थित चालला. पोरं प्रूफ घेऊन गेली आणि मी विसरून गेलो.

माझं कराडात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं असं सगळंच करतो, पण वर्षाचा खरा पैसा ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. सभेच्या आधी अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवा. त्यामुळे तालुक्यातल्या पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था सगळ्या एकदमच जाग्या होतात. वरून गणपती. या दोन महिन्यांत बायको आजारी पडली तरी चालेल, संगणक पडता कामा नये, असं मी एकदा तिच्यासमोर बोलून गेलो होतो. ते वाक्य मला अजून अधूनमधून परत ऐकवलं जातं.

तर दोन दिवसांनी प्रिंटरचं काहीतरी बिनसलं म्हणून परत रिस्टार्ट केलं. परत चक्र, परत बटण. तिसऱ्यांदा असं झाल्यावर चालू होताना काळ्या स्क्रीनवर डिस्क तपासणी सुरू झाली, तिनं पाऊण तास खाल्ला, आणि नंतर एका पतसंस्थेच्या अहवालातली थकबाकीदारांची यादी असलेली फाइल उघडेचना. जुनी प्रत पेन ड्राइव्हवर होती म्हणून निभावलं, पण सव्वीस नावं परत टाइप करावी लागली. थकबाकीदारांची नावं दोनदा टाइप करताना माणसाच्या मनात काय काय येतं ते सांगत नाही.

गंमत अशी की रात्री शट डाउन केलं की संगणक पाच सेकंदांत गप्प, सकाळी चालू केला की झटकन हजर. फक्त रिस्टार्टला अडायचा. साहजिकच पहिला संशय नव्या प्रिंटरवर. ज्या दिवशी तो आला त्याच दिवशी दुखणं सुरू झालं, आणखी काय पुरावा हवा? प्रिंटरचा ड्रायव्हर काढला, केबल काढली, प्रिंटर उचलून बाजूला ठेवला. रिस्टार्ट. चक्र. मग माउस आणि कीबोर्ड सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढलं: पेन ड्राइव्ह, स्कॅनर, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (यूएसबीला लावायचा एक छोटा ठोकळा, तो नसेल तर ते सॉफ्टवेअर चालत नाही). तरी चक्र. म्हणजे बाहेरच्या कुठल्या वस्तूचा दोष नाही, असा मी निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष चुकीचा होता. का ते पुढे येईल.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पोरगा तसा हुशार आणि कामाला प्रामाणिक, पण त्याचं शास्त्र अनुभवाचं. त्यानं सीपीयू उघडला, ब्लोअरनं धूळ उडवली (ती निघाली पसाभर), रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या, परत बसवली. हा उपाय मी वीस वर्षं बघत आलोय आणि दहातल्या चार वेळा तो खरंच चालतो, त्यामुळे हसायचं कारण नाही. यावेळी चालला नाही. "काका, ४ जीबीवर विंडोज १० म्हणजे त्याचा जीव जातो," असं म्हणून त्यानं आणखी ४ जीबीची रॅम टाकली. पैसे दिल्यावर संध्याकाळी मी सिस्टिमची माहिती उघडून बघितली तर लिहिलेलं: ८ जीबी, त्यातली वापरण्याजोगी ३.४. माझं विंडोज ३२ बिटचं. ते ४ जीबीच्या वर बघूच शकत नाही, आणि त्या चारमधलाही काही भाग हार्डवेअरसाठी राखून ठेवतं. ३२ बिटचं का, तर माझं फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचं लॉक ६४ बिटवर चालत नाही. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं, आणि मी ऐनवेळी तोंड उघडलं नाही. चूक निम्मी माझी.

दुसऱ्या खेपेला त्यानं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतःच्या घडामोडी टिपून ठेवतं ती नोंदवही, उघडला. हे मात्र मला आवडलं, कारण निदान विंडोजला विचारावं तरी, ही बुद्धी त्याला झाली. तिथे लाल चिन्हांची रांग होती: कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१. "बघा, पॉवर म्हणतोय. एसएमपीएस गेला." म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा. तोही बदलला. दोन्ही मिळून साडेतीन हजारांच्या पुढे गेलो, आणि रिस्टार्टचं चक्र जसंच्या तसं. त्यानंतर त्यानं तेच सांगितलं जे गावातल्या प्रत्येक माणसानं मला आधीच सांगून ठेवलं होतं: "फॉरमॅट मारून टाकू."

फॉरमॅट मारणं हा आपल्याकडचा सगळ्या रोगांवरचा काढा आहे. पण डीटीपीवाल्याच्या संगणकाला तो सहज पचत नाही. माझ्याकडे पेजमेकर ७ आहे, पानं मांडायचं २००१ सालचं सॉफ्टवेअर, ज्याची सीडी आता ओरखड्यांनी पांढरी झालीय. वीस वर्षांच्या फाइली आहेत, सगळ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. ते सॉफ्टवेअर आणि त्याचं लॉक नसेल तर 'सस्नेह निमंत्रण'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा लगदा दिसतो. सीझनमध्ये हे सगळं उतरवून परत चढवायचं म्हणजे चार दिवस. मी नाही म्हणालो. रिस्टार्ट करायचंच नाही, असं ठरवलं. नाहीतरी शट डाउन चालतच होतं.

हा शहाणपणा फार तर दोन दिवस टिकला. कुणीतरी सांगितलं की विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची भानगड असते, ती बंद केली की असले प्रकार थांबतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणं काय करतील ते निवडायचं पान, त्यातली एक टिक. काढली. त्या रात्री नऊला शट डाउन केलं आणि चक्र फिरायला लागलं. आता शट डाउनलासुद्धा! होतं ते एक सुरळीत दार, तेही मी आपल्या हातानं लावून घेतलं. डोक्याला हात लावला. बटण दाबायला बोट पुढे केलं, तेवढ्यात शेजारच्या मेडिकलवाल्यानं चहाला हाक मारली. वैतागून तसाच उठून गेलो.

पंधरा मिनिटांनी परत आलो तर स्क्रीन निळी. उदास चेहऱ्याची ती खूण, खाली टक्केवारी, आणि त्याखाली स्टॉप कोड: ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. मोबाइलवर फोटो काढतोय तोवर तो आपला आपणच रिस्टार्ट होऊन सुरूही झाला. म्हणजे इतके दिवस तो मला काहीतरी सांगायला निघाला होता आणि मी दरवेळी चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्याचं तोंड दाबत होतो.

फोटो भाचीला पाठवला. ती पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. तिचं काम वेगळं आहे, पण घरातला कुठलाही संगणक बिघडला की तिलाच फोन जातो, जसा घरात डॉक्टर असला की सगळ्यांचे गुडघे त्याच्याकडे जातात. रात्री साडेदहाला तिचा फोन आला.

"मामा, फॉरमॅट मारला नाहीत ना?"

"नाही गं. पण उद्या मारायच्या विचारात आहे."

"मारू नका. आता लॅपटॉपवरून बोलतेय, तुम्ही तो इव्हेंट ४१ उघडा. जनरल नाही, शेजारचा डिटेल्स टॅब. बगचेक कोड काय लिहिलंय?"

आज संध्याकाळच्या नोंदीत होतं १५९. आधीच्या सगळ्या नोंदींमध्ये शून्य.

तिनं जे सांगितलं त्यानं माझे साडेतीन हजार कुठे गेले ते कळलं. इव्हेंट ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक नीट आवरून बंद झाला नव्हता. का, ते तो सांगत नाही. वीज गेली तरी ४१, कुणी बटण दाबून धरलं तरी ४१, निळी स्क्रीन आली तरी ४१. नावात पॉवर आहे म्हणून एसएमपीएसवर खापर फुटतं. खरी गोष्ट आत लपलेली असते: कोड शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच प्राण गेला. आणि तो मीच घेत होतो, बटण दाबून. शून्याऐवजी आकडा असेल तर विंडोज स्वतः कोसळलं आणि जाताना कारण लिहून गेलं. १५९ हा आपला साधा दशमान आकडा. संगणकवाले तोच सोळाच्या हिशेबात लिहितात, तेव्हा तो 'नऊ एफ' होतो. नऊ सोळे एकशे चव्वेचाळीस, एफ म्हणजे पंधरा, झाले एकशे एकोणसाठ. सोळाचा पाढा इतक्या वर्षांनी कामाला आला. या नऊ एफचा अर्थ असा: बंद व्हायच्या वेळी विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला निरोप देतं, 'आवर, आता वीज जाणार', आणि कुणीतरी एक ड्रायव्हर त्या निरोपाला उत्तरच देत नाही. विंडोज बराच वेळ वाट बघतं आणि मग हात टेकतं. ते चक्र म्हणजे ही वाट बघणं.

"पण मग शट डाउनला का होत नव्हतं? रात्री मी बोर्डावरचं बटणसुद्धा बंद करतो."

"मामा, तुम्ही दुकान बंद करताना काय करता? टेबलावरचे कागद तसेच ठेवता, फक्त शटर ओढता. सकाळी उघडलं की मांडलेलंच असतं. फास्ट स्टार्टअप तेच करतं. तुमची उघडी कामं बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तेच उचलून आणतात. बोर्डाचं बटण बंद केलंत तरी डिस्कवरचं कुठे जातंय? रिस्टार्टला मात्र सगळं आवरून, झाडून, नव्यानं मांडतात."

मी इतकी वर्षं उलटंच समजत होतो. शट डाउन म्हणजे पूर्ण बंद आणि रिस्टार्ट म्हणजे आपलं अर्धवट, वरवरचं काहीतरी, असं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, हा प्रकार आहे म्हणे. टिक काढल्यावर शट डाउनही खरंखुरं व्हायला लागलं आणि म्हणून तेही अडकलं. ज्या गोष्टीला मी आणखी बिघाड समजलो ती खरं तर सगळ्यात मोठी खूण होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तिनं सांगितलेल्या दोन गोष्टी केल्या. पहिली, एमएसकॉन्फिग नावाच्या विंडोजच्याच सेटिंगमधून सेफ मोड लावला. तिथे विंडोज फक्त स्वतःचे, अगदी गरजेचे ड्रायव्हर घेऊन उठतं. सेफ मोडमध्ये तीनदा रिस्टार्ट केलं, तीनही वेळा एका मिनिटाच्या आत परत हजर. रॅम तीच, एसएमपीएस तोच, डिस्क तीच. म्हणजे लोखंड निर्दोष, बाहेरून आणून घातलेला कुणीतरी ड्रायव्हर दोषी. पाच मिनिटांची ही चाचणी आधी केली असती तर... जाऊ दे.

दुसरी गोष्ट, विंडोजच्या फोल्डरात मिनिडम्प नावाचं एक फोल्डर असतं. कोसळताना विंडोज आपली शेवटची अवस्था तिथे एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. मोबाइलवरच्या फोटोपेक्षाही लहान फाइल. ती तिला मेल केली. मी स्वतः ती बघायचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून पाहिलं होतं, त्यात दोषी म्हणून विंडोजच्याच गाभ्याच्या फाइलचं नाव आलं. मी ते तिला मोठ्या उत्साहात कळवलं. ती म्हणाली, वाट बघून कंटाळून दिवे मालवणारा तोच असतो, म्हणून त्याचं नाव येतं. तो ज्याची वाट बघत होता त्याचं नाव हवंय. ते तिनं विंडबग नावाच्या अवजारातून काढलं आणि दुपारी व्हॉट्सअॅपवर पाठवलं. एक आठ-दहा अक्षरांचं फाइलचं नाव. मला ते ओळखायला अर्धं सेकंदही लागलं नाही. जुन्या सीडीवर ते नाव मी शंभरदा बघितलं होतं. फॉन्टच्या लॉकचा ड्रायव्हर.

आता ४ जुलैकडे जावं लागेल. दुकानात माझा दुसरा एक संगणक होता, जुन्या विंडोज एक्सपीवरचा, कोपऱ्यात बसून निमूट काम करणारा. जुलैच्या सुरुवातीला त्याचा मदरबोर्ड गेला. त्याच्यावरचं फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि लॉक मी या संगणकावर आणलं, सीडीतून लॉकचा ड्रायव्हर टाकला, त्यानं रिस्टार्ट मागितला, केला, चाललं. चालणारच, कारण त्या रिस्टार्टच्या वेळी ड्रायव्हर अजून आत चढलेलाच नव्हता, तो चढला त्यानंतर. आणि तिथून पुढे २० ऑगस्टपर्यंत मी एकदाही रिस्टार्ट केलं नाही. अपडेट मीच बंद करून ठेवलेले, सीझनमध्ये मध्येच नको म्हणून. लाइट गेली तर इन्व्हर्टर. म्हणजे सत्तेचाळीस दिवस तो बिघाड आत बसून होता आणि त्याला बाहेर पडायचं दारच मी उघडलं नव्हतं. ते उघडलं नव्या प्रिंटरनं, आणि शिव्या त्यानं खाल्ल्या.

हे नुसतं माझ्या आठवणीवर नाही. भाचीनं लॉगमधली आणखी एक नोंद बघायला लावली: कर्नल-बूट, इव्हेंट २७. रोज सकाळी संगणक कसा उठला त्याची ती नोंद असते. शून्य असेल तर कोरं करकरीत उठणं, एक असेल तर फास्ट स्टार्टअपनं, कालचं उचलून. ४ जुलैला शून्य. मग खाली रोज एक, एक, एक. थेट २० ऑगस्टपर्यंत. हजेरीपटासारखं.

आणि लॉक यूएसबीतून काढून बघितलं होतं त्याचं काय? तो ड्रायव्हर इतका जुन्या काळातला, की प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टाला लागणाऱ्या लॉकचीही सोय त्याच्यात होती. त्यासाठी तो लॉक असो नसो, विंडोजबरोबर उठून बसायचाच. मी चावी काढली होती, कुलूप दारालाच होतं.

पुढचं काम सरळ होतं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. फॉन्टवाल्यांना फोन केला. त्याच लॉकसाठी विंडोज १० वर चालणारा नवा ड्रायव्हर होता, ३२ बिटचाही, त्यांनी लिंक पाठवली. जुना ड्रायव्हर आधी काढायचा, वरून नवा घालायचा नाही, एवढं त्यांनी दोनदा बजावलं. जुना काढल्यावर संगणक बंद होताना शेवटचा एकदा अडकणार हे ठरलेलं. पण यावेळी बटणाला हात लावला नाही. हात मागे बांधून उभा राहिलो, नऊ मिनिटांनी निळी स्क्रीन आली, गेली, संगणक उठला. नवा ड्रायव्हर टाकला, लॉक लावलं, पेजमेकर उघडून एक जुना अहवाल काढला. ताळेबंद जागच्या जागी, मराठी मराठीत. मग रिस्टार्ट दाबलं आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. बावन्न सेकंद. परत दाबलं. पन्नास. मेडिकलवाला दारात येऊन बघत होता. तो म्हणाला, "झाला ना चालू, मग परत परत का बंद करताय?" मी त्याला समोर बसवून आणखी एकदा करून दाखवलं.

६ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, शेवटचा अहवाल छापायला गेला. दुरुस्तीवाल्या पोराला मी १५९ ची गोष्ट सांगितली. त्यानं मोबाइलवर लिहून घेतली, आणि जादाची रॅम परत घेऊन तिचे पैसे पुढच्या बिलातून वळते करतो म्हणाला. एसएमपीएस मात्र राहू द्या म्हणाला, जुना नाहीतरी आवाज करत होता. ते खरं आहे, करत होता.

फास्ट स्टार्टअपची टिक मी परत लावली नाही. त्यामुळे सकाळी संगणक उठायला वीसेक सेकंद जास्त घेतो. तेवढ्यात माझी उदबत्ती लावून होते. जुनी सीडी टाकवत नाही, म्हणून तिच्यावर मार्करनं 'विंडोज १० वर घालू नये' असं लिहून ती खणात ठेवलीय, पेजमेकरच्या सीडीखाली.